मडगार्ड आधी, पाटी नंतर

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

अलीकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. रस्त्यावर अचानक दिसलेली, वरवर साधी वाटणारी आणि तरीही मान वळवायला लावणारी जुनी जर्मन स्पोर्ट्स सेडान नेमकी कोणती होती, हे कसे ओळखावे, असे अनेकांनी विचारले आहे. म्हणून या वेळचे सदर याच प्रश्नांना दिले आहे. पत्रांचा मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : कामानिमित्त मी वर्षभरापासून जर्मनीत राहतो. गेल्या महिन्यात स्टुटगार्टहून म्युनिककडे जाताना, ए ८ महामार्गावर श्वेबिश आल्बच्या चढावर, गडद राखाडी रंगाची एक जुनी मर्सिडीज डाव्या लेनमधून, आवाज न करता, आम्हाला ओलांडून गेली. आकार ओळखीचा होता, एके काळी टॅक्सी म्हणून सर्वत्र दिसणाऱ्या गाडीचाच; परंतु ही गाडी रस्त्यालगत जरा जास्त बसलेली वाटली आणि तिचे चारही मडगार्ड किंचित फुगलेले होते. डिकीवर मॉडेलचे नाव नव्हते. मागच्या काचेतून आधीपासून तिच्याकडे पाहत असलेल्या माझ्या मुलीने पुढच्या बंपरमध्ये दोन दिवे असल्याचे सांगितले. नंबरच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर होते. ही कारखान्यातून आलेली दुर्मीळ गाडी असेल, की कोणा हौशी मालकाने केलेली सजावट?

उत्तर : फुगलेले मडगार्ड, खाली बसलेला बांधा आणि बंपरमध्ये गेलेले फॉग लॅम्प, म्हणजे धुक्यासाठीचे दिवे, ही तीन चिन्हे एकत्र घेतली, तर ती मर्सिडीज-बेंझ ५०० ई असावी, असे आम्ही बऱ्याच खात्रीने म्हणतो. डिकीवर नाव नसणे तिच्या विरोधात जात नाही. जर्मनीत नवी गाडी मागवताना मॉडेलचे नाव लावू नये, असे कारखान्याला सांगण्याची सोय होती, आणि ज्यांना आपल्या गाडीची ताकद चारचौघांत जाहीर करायची नसे, ते ती आवर्जून वापरत. त्यामुळे नाव नसलेली गाडी साधीच असणार, असे धरून चालणाऱ्याच्या हातून चांगल्या चांगल्या गाड्या निसटतात.

आपल्याला टॅक्सी आठवली, यातही काही चूक नाही. डब्ल्यू १२४ या मालिकेच्या वीस लाखांहून अधिक सेडान तयार झाल्या आणि त्यांतल्या असंख्य गाड्या फिकट हस्तिदंती रंगात जर्मन शहरांतून टॅक्सी म्हणून धावल्या. त्याच सांगाड्यावर बेतलेली ५०० ई मात्र १०,४७९ एवढीच निघाली. म्हणजे या आकाराच्या साधारण दोनशे सेडान नजरेखालून गेल्या, तर त्यांतली एखादीच ती असणार. आणि ज्या नजरेने उरलेल्या १९९ नीट पाहिलेल्या नाहीत, तिला ही दोनशेवी वेगळी दिसण्याचे कारण नाही. आपल्या नजरेत ती भरली याचे श्रेय टॅक्सींना द्यावे लागेल.

मडगार्ड का फुगले, हे कळले की ही गाडी पुन्हा ओळखायला नावाच्या पाटीची गरज उरत नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये पॅरिसच्या मोटर प्रदर्शनात मांडलेल्या या गाडीत ५०० एसएल या खुल्या स्पोर्ट्स गाडीचे पाच लिटरचे, आठ सिलिंडरांचे आणि बत्तीस व्हॉल्व्हचे इंजिन बसवलेले होते. सुरुवातीच्या गाड्यांत त्याची ताकद ३२६ अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४८० न्यूटन-मीटर होता. एवढे इंजिन मध्यम आकाराच्या सेडानमध्ये बसवायचे म्हणजे ब्रेकही त्या तोलाचे हवेत, टायर रुंद हवेत, दोन चाकांमधले अंतर वाढायला हवे. आणि चाके बाहेर सरकली की त्यांना झाकणारा पत्राही बाहेर सरकणारच. गाडीची एकूण रुंदी ५६ मिलिमीटरने वाढली आणि उंची २३ मिलिमीटरने कमी झाली. बॉनेटखाली जागा उरली नाही, म्हणून बॅटरी डिकीत गेली.

या रुंदीमुळे एक पेच उभा राहिला. मर्सिडीजच्या झिंडेलफिंगेन येथील कारखान्यातली जोडणीची साखळी नेहमीच्या रुंदीच्या गाड्यांसाठी आखलेली होती, आणि हा सांगाडा तिच्यातून जाईना. त्या सुमारास पोर्शे या स्पोर्ट्स गाड्यांच्या कंपनीकडे कामाची चणचण होती. गाडीच्या घडणीचे बरेचसे तांत्रिक काम आधीच पोर्शेकडे दिलेले होते. जोडणीही तिथेच, त्सुफेनहाउझेनला, ज्या इमारतीत पूर्वी पोर्शे ९५९ तयार होत असे, तिथे करण्याचे ठरले. मग प्रवास असा सुरू झाला : सांगाड्याचे सुटे भाग झिंडेलफिंगेनहून त्सुफेनहाउझेनला, जोडलेला सांगाडा रंगासाठी परत झिंडेलफिंगेनला, रंगवलेला सांगाडा इंजिन आणि आतले सामान बसवण्यासाठी पुन्हा त्सुफेनहाउझेनला, आणि पूर्ण झालेली गाडी अखेरच्या तपासणीसाठी पुन्हा झिंडेलफिंगेनला. स्टुटगार्टच्या दोन बाजूंना असलेल्या या कारखान्यांमधल्या फेऱ्या धरून एका गाडीला १८ दिवस लागत. विकत घेणाऱ्याच्या हाती किल्ली पडण्याआधीच गाडीचा बराच प्रवास ट्रकवर बसून झालेला असे.

तेव्हा ५०० ई चा फुगवटा ही नटवण्याची बाब नाही. आतल्या इंजिनाने आणि चाकांनी पत्र्याकडून करून घेतलेली ती तडजोड आहे. म्हणून तो पाहावाही त्याच दृष्टीने. गाडीच्या मागे, थोडे तिरके उभे राहावे. साध्या डब्ल्यू १२४ मध्ये मागच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंतची बाजू जवळजवळ सरळ जाते. ५०० ई मध्ये दार संपता संपता पत्रा बाहेर झुकू लागतो, चाकावर त्याची गोलाई भरते आणि मग तो बंपरच्या कोपऱ्याला अलगद जाऊन मिळतो, कारण बंपरही त्याच मापाने रुंद केलेला असतो. नंतर चिकटवलेल्या मडगार्डांचे कसब बहुधा याच कोपऱ्यात उघडे पडते. तिथे मडगार्डची कड आणि बंपर यांच्यात एक पायरी राहते, आणि सकाळच्या तिरक्या उन्हात तिची सावली स्पष्ट पडते.

हे लिहिणाराही एकदा फसलेला आहे, हे कबूल करायला हवे. एका वाहनतळावर ‘५०० ई’ अशी अक्षरे डिकीवर वाचली आणि मालकाची वाट पाहत मी चांगला पाऊण तास उभा राहिलो. कंटाळून आत डोकावलो, तर मागे तिघांचे सलग आसन. ५०० ई मध्ये मागे दोनच स्वतंत्र बैठका असतात आणि त्यांच्या मध्ये सामान ठेवायचा कप्पा असतो. मग मान वर करून पाहिले, तेव्हा मडगार्डही सपाट होते. पाटी आधी वाचल्यामुळे ते दिसलेच नव्हते.

आपल्या गाडीचा काळ ठरवायचा असेल, तर मुलीला पुढच्या जाळीबद्दल विचारून पाहावे. १९९३ मध्ये या मालिकेचे रूप थोडे बदलले : जाळीभोवतीची जाड चकचकीत चौकट जाऊन जाळी बॉनेटमध्येच बसवली गेली, पिवळसर इंडिकेटरांच्या जागी फिकट काचेचे आले आणि नावातले अक्षर आकड्याच्या पुढे जाऊन ‘ई ५००’ झाले. १९९५ पर्यंत ती याच नावाने निघाली. नवी जाळी आणि डिकीवर जुने ‘५०० ई’ हे नाव असा मेळ दिसला, तर निदान एक गोष्ट नंतर बदललेली आहे, असे समजावे.

चढावर ती आवाज न करता निघून गेली, हे आपले निरीक्षणही तिच्या स्वभावाला धरून आहे. शून्यापासून १०० किलोमीटरचा वेग ती सहा सेकंदांच्या आसपास गाठते आणि २५० वर कारखान्यानेच तिचा वेग रोखलेला आहे. एवढी ताकद असलेल्या इंजिनाला महामार्गावरच्या चढासाठी ओरडण्याची गरज पडत नाही.

प्रश्न : वरच्या सारख्या गाड्यांना कोणी व्हिंटेज म्हणतात, कोणी क्लासिक, तर कोणी नुसते जुन्या. योग्य शब्द कोणता? आणि ‘एच’ चा अर्थ काय?

उत्तर : काटेकोर अर्थाने व्हिंटेज हा शब्द पहिल्या महायुद्धानंतर १९३० पर्यंत बनलेल्या गाड्यांसाठी आहे आणि ही काळमर्यादा ब्रिटिश हौशी मंडळींनी रूढ केलेली आहे. बोलण्यात तो आता कोणत्याही जुन्या देखण्या गाडीला लागतो. त्यावर वाद घालण्यात आम्हाला रस नाही. जर्मनीत मात्र सरकारदरबारी एक स्वच्छ रेषा आहे. पहिल्या नोंदणीला ३० वर्षे पूर्ण झालेली, मूळ रूप मोठ्या प्रमाणात टिकवून ठेवलेली आणि चांगल्या स्थितीतली गाडी तज्ज्ञाच्या तपासणीनंतर ‘ओल्डटायमर’ म्हणून नोंदवता येते, आणि तिच्या नंबरच्या शेवटी ‘एच’ येतो. हे अक्षर ‘हिस्टोरिश’, म्हणजे ऐतिहासिक, या जर्मन शब्दाचे आहे. ही पद्धत १९९७ पासून आहे. अशा मोटारीला इंजिनाच्या आकाराचा विचार न करता वर्षाला सरसकट १९१.७३ युरो कर पडतो आणि पर्यावरण-क्षेत्र म्हणून आखलेल्या शहरी भागांतही तिला हिरव्या स्टिकरविना जाता येते. मोठ्या इंजिनाची गाडी सांभाळणाऱ्याला ही सवलत मोलाची वाटते, हे सांगायला नको.

ओळख पटवणाऱ्याच्या दृष्टीने ‘एच’ चा उपयोग असा की, समोरची गाडी किमान तीस वर्षांची आहे आणि कोणीतरी जाणकाराने तिच्या अस्सलपणाकडे एकदा तरी पाहिले आहे, एवढे त्यातून कळते. ती कोणते मॉडेल आहे, हे कळत नाही. साध्या डिझेल टॅक्सीलाही तीस वर्षांनी ‘एच’ मिळू शकतो. काही नंबरपाट्यांवर उजव्या कडेला एकाखाली एक दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ०४ आणि १०. म्हणजे ती गाडी एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने रस्त्यावर आणता येते. हिवाळ्यात रस्त्यांवर पसरलेल्या मिठापासून पत्रा वाचवणारे मालक बहुधा हाच मार्ग पत्करतात, त्यामुळे दुर्मीळ गाड्या शोधायच्या असतील तर जानेवारीत डोळे ताणण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मित्राशी पैज लागली आहे. ऐंशीच्या दशकातली एक बीएमडब्ल्यू पाहिली. पुढे-मागे मोठे स्पॉइलर, बाजूंना पट्ट्या, डिकीवर ‘एम ५३५ आय’. माझे म्हणणे, हीच पहिली एम ५. मित्र म्हणतो, एम ५ अशी दिसतच नाही.

उत्तर : पैज मित्राने जिंकली. आपण पाहिलेली गाडी ई २८ मालिकेतली एम ५३५ आय आहे. तिचे इंजिन साडेतीन लिटरच्या नेहमीच्या सहा सिलिंडरांच्या घराण्यातले, २१८ अश्वशक्तीचे. अंगावरचा साज मात्र शर्यतीच्या गाडीचा. त्याच सांगाड्याची खरी एम ५, म्हणजे बीएमडब्ल्यूच्या ‘एम’ या स्पोर्ट्स विभागाची गाडी, फेब्रुवारी १९८५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात आली, आणि तिच्या बॉनेटखाली बीएमडब्ल्यूच्या एम १ या मधोमध इंजिन असलेल्या स्पोर्ट्स गाडीपासून आलेले २४ व्हॉल्व्हचे, २८६ अश्वशक्तीचे इंजिन होते. ताशी २४५ किलोमीटरपर्यंत जाणारी ही चार दारांची गाडी पुष्कळदा कोणत्याही स्पॉइलरशिवाय, जवळजवळ साध्या ५१८ सारखी दिसत असे. म्हणजे कमी ताकदीची बहीण नटलेली आणि जास्त ताकदीची घरच्या साडीत, असा हा उलटा प्रकार. एम ५ ची संख्या दोन हजारांच्या थोडी वर गेली. एम ५३५ आय तिच्या कित्येक पट निघाली.

मालकाने बॉनेट उघडून दाखवले तर शंकेला जागाच उरत नाही. सहा सिलिंडरांसाठी सहा स्वतंत्र थ्रॉटल, म्हणजे हवेच्या झडपा, आणि त्यांच्यावरच्या हवेच्या पेटीवर ‘एम पॉवर’ ही अक्षरे दिसतात. कागदपत्रे पाहायला मिळाली तर चासी नंबरची पहिली तीन अक्षरे पाहावीत. एम विभागाच्या एम ५ सारख्या गाड्यांचा नंबर ‘डब्ल्यूबीएस’ने सुरू होतो, नेहमीच्या बीएमडब्ल्यूंचा ‘डब्ल्यूबीए’ने. ही तीन अक्षरे स्पॉइलरपेक्षा अधिक खरे बोलतात.

जाता जाता आल्पिनाबद्दलही सांगून ठेवतो, कारण दोन पत्रांत सोनेरी पट्ट्यांच्या बीएमडब्ल्यूचा उल्लेख आहे. बव्हेरियातल्या बूखलो या गावची आल्पिना ही संस्था बीएमडब्ल्यूचे सांगाडे घेऊन त्यांवर स्वतःची इंजिने आणि सस्पेन्शन घडवत आली. जर्मन सरकारने १९८३ मध्ये तिला स्वतंत्र मोटार-उत्पादक म्हणून मान्यता दिली, त्यामुळे तिच्या गाड्यांचा चासी नंबर ‘डब्ल्यूएपी’ने सुरू होऊ लागला. सोनेरी पट्ट्या कोणीही विकत आणून चिकटवू शकतो. चाक अधिक बोलके आहे : बी १० बायटर्बो या दोन टर्बोंच्या सेडानच्या काळातल्या आल्पिनाच्या वीस काड्यांच्या चाकात हवा भरण्याचा व्हॉल्व्ह कडेला दिसत नाही, तो मधल्या झाकणाखाली दडवलेला असतो. ३६० अश्वशक्तीची ही बी १० बायटर्बो १९८९ ते १९९४ या काळात फक्त ५०७ निघाली. एखादी दिसली, तर आधी खाली वाकून चाकाच्या कडेला व्हॉल्व्ह आहे का, ते पाहावे.

प्रश्न : मागे भलामोठा पंख असलेली काळी मर्सिडीज १९० पाहिली. अशा नकली गाड्या पुष्कळ आहेत, असे ऐकतो. खरी कशी ओळखावी?

उत्तर : नकला पुष्कळ आहेत हे खरे, कारण मूळ गाडी फारच थोडी आहे आणि फारच प्रसिद्ध आहे. १९० ई २.५-१६ इव्होल्यूशन टू ही गाडी मार्च १९९० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि एकंदर ५०२ बनल्या. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. ग्रुप ए, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवर बेतलेल्या गाड्यांच्या वर्गाच्या शर्यतींत सुधारित आवृत्ती उतरवायची, तर तिच्या ५०० गाड्या रस्त्यासाठी तयार करणे बंधनकारक होते. रस्त्यावरची गाडी २३५ अश्वशक्तीची होती. शर्यतीतल्या तिच्या भावंडाने क्लाउस लुडविग यांच्या हाती १९९२ ची जर्मन टूरिंग कार स्पर्धा जिंकली.

आपण ‘काळी’ लिहिता, तिथेच पहिली चाळणी लागते. या गाड्यांचा रंग निळसर काळा, धातूची झाक असलेला आहे. ढगाळ दिवशी तो काळा दिसतो, पण उन्हात पंखाच्या कडेवर निळाई उमटते. अखेरच्या दोन गाड्या तेवढ्या रुपेरी निघाल्या. नुसता कोळशासारखा काळा रंग असेल तर शंका घ्यावी. दुसरी चाळणी काचेतून आत डोकावून लावता येते. सोळा व्हॉल्व्हच्या सर्व १९० गाड्यांच्या पाच गिअरच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर डावीकडे खाली असतो, जिथे साध्या गाडीत दुसरा असतो. शर्यतीत दुसऱ्या-तिसऱ्याची अदलाबदल सर्वांत जास्त होते, म्हणून ते दोन एका रेषेत घेतलेले आहेत. गिअरच्या मुठीवरची आकृती पाहावी. पहिला गिअर वर दाखवलेला असेल, तर साध्या १९० वर पंख चढवलेला आहे, हे तिथेच ठरले. खाली असेल तर निदान सोळा व्हॉल्व्हचे मूळ आहे, एवढे कळते. ती इव्होल्यूशन टू आहे की तिच्या आधीची साधी २.५-१६, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी १७ इंची चाके, चारही बाजूंना रुंदावलेला पत्रा आणि मागच्या काचेच्या वरच्या कडेला बसवलेली छोटी पट्टी पाहावी. पंख आठवणीने बसवणारे ही पट्टी विसरतात.

या घराण्याची पहिली गाडी, २.३-१६, हीसुद्धा पाहण्यासारखी आहे आणि तिची नक्कल फारशी कोणी करत नाही. १२ मे १९८४ रोजी न्युर्बुर्गरिंगच्या नव्या ट्रॅकच्या उद्घाटनाला याच गाड्या नामवंत चालकांच्या हाती देऊन शर्यत लावली होती, आणि तरुण आयर्टन सेना यांनी निकी लाउडा यांना मागे टाकून ती जिंकली.

प्रश्न : अशी गाडी दिसली की फोटो काढायचा मोह आवरत नाही. मालकाशी बोलावे का? त्यांना राग येतो का?

उत्तर : चालवत असाल तर मोह आवरावाच लागेल. जर्मनीत चालवताना फोन हातात धरल्यास १०० युरो दंड आणि परवान्याच्या नोंदीत एक गुण, अशी शिक्षा आहे, आणि ती नसती तरी आमचा सल्ला हाच राहिला असता. फोटो शेजारी बसलेल्याने काढावा. जुन्या गाडीच्या मागे चिकटून जाणे हा तर शुद्ध अविचार आहे. पुढच्या गाडीचा मालक आरशात आपल्याकडे पाहून बिचकतो आणि ज्या गाडीचे कौतुक करायचे, तिच्यावरच संकट ओढवते. पेट्रोल भरण्याच्या किंवा विश्रांतीच्या थांब्यावर ती दिसली, तर भेटण्याची खरी जागा तीच. फोटो इतरांना दाखवण्याआधी नंबर पुसून टाकावा, कारण दुर्मीळ गाडी कुठे उभी असते, हे चोरांनाही जाणून घ्यायचे असते.

बोलावे का? जरूर बोलावे, मात्र ‘हिची किंमत किती?’ या प्रश्नाने सुरुवात करू नये. त्या प्रश्नावर मालकाचा चेहरा मिटतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. गाडीच्या दुखण्यांबद्दल विचारावे. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या मर्सिडीजमध्ये इंजिनाच्या वायरिंगचे वेष्टण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडते, हे त्या गाड्या सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. ‘वायरिंग बदलून घेतले का?’ एवढे विचारले, की समोरच्याला कळते, हा बघ्या नव्हे. आणि बहुतेक वेळा बॉनेट उघडण्याची विनंतीही करावी लागत नाही. हात मात्र पाठीशी बांधावेत. मडगार्ड खरे की नंतरचे, हे पाहण्यासाठी त्यावर टकटक करणारे लोक आम्हाला माहीत आहेत. ते दुसऱ्यांदा कोणाच्या गाडीजवळ जाऊ शकत नाहीत.

प्रश्न : साध्या अंगाच्या सेडानमध्ये राक्षसी इंजिन घालण्याची ही जर्मन खोड कोणापासून सुरू झाली?

उत्तर : आरंभाचा मान एकालाच देता येईल असे नाही, परंतु आमच्या मते सर्वांत ठळक गाडी मर्सिडीज ३०० एसईएल ६.३ हीच. एरिष वाक्सेनबेर्गर या अभियंत्याने ६०० या अवाढव्य लिमोझिनचे ६.३ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन त्याहून लहान सेडानमध्ये बसवले, आणि मार्च १९६८ मध्ये जिनिव्हाला ती जगासमोर आली. २५० अश्वशक्ती, ताशी २२० किलोमीटर आणि बाहेरून बदल म्हणाल तर डिकीच्या उजव्या बाजूला ‘६.३’ एवढेच इवलेसे अक्षर. १९७२ पर्यंत तिच्या ६,५२६ गाड्या निघाल्या. १९७१ मध्ये एएमजी या तेव्हाच्या छोट्या कार्यशाळेने याच गाडीचे इंजिन ६.८ लिटरपर्यंत वाढवले, तिला लाल रंग दिला आणि बेल्जियममधल्या स्पा येथील चोवीस तासांच्या शर्यतीत उतरवले. हान्स हायर आणि क्लेमेन्स शिकेनटान्त्स यांनी चालवलेली ती जडशीळ सेडान हलक्या गाड्यांच्या गर्दीत दुसरी आली. एएमजीचे नाव त्या दिवसापासून सर्वांच्या तोंडी झाले.

प्रश्न : पांढरी शुभ्र ओपेल ओमेगा, मडगार्डवर लोटसची खूण. अस्सल असेल का?

उत्तर : रंगकाम नंतरचे असेल किंवा खूण नंतरची असेल; दोन्ही एकाच वेळी मूळची असू शकत नाहीत. रुसेल्सहाइमच्या ओपेलची सेडान घेऊन इंग्लंडातल्या हेथेल येथे लोटस या स्पोर्ट्स गाड्यांच्या कंपनीने घडवलेली, दोन टर्बोंची, ३७७ अश्वशक्तीची आणि ताशी २८३ किलोमीटर वेगाची ही लोटस ओमेगा १९९० ते १९९२ च्या दरम्यान हजाराहूनही कमी निघाली, आणि प्रत्येक गाडी एकाच रंगाची होती, इम्पीरियल ग्रीन. तो इतका गडद हिरवा आहे की सावलीत आपण तिला काळीच म्हणाल. पुढच्या वेळी ती दिसली, तर दाराच्या चौकटीच्या आत किंवा डिकीच्या झाकणाखाली, जिथे दुसरा रंग देणारे सहसा हात घालत नाहीत, तिथे हिरवा रंग शिल्लक आहे का, ते मालकाच्या परवानगीने पाहावे.